शिडाचं जहाज आणि आगबोट: गेममध्ये वेग मोजायचा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही १८४० ते १८९० या काळातल्या सागरी व्यापाराचा गेम बनवताय. नकाशावर लंडन, मुंबई, कलकत्ता, फूचौ (चीनमधलं चहाचं बंदर), मेलबर्न, न्यूयॉर्क ही बंदरं आहेत आणि प्रत्येक जहाजाला ‘वेग’ हा एकच आकडा दिलाय. क्लिपरला, म्हणजे वेगासाठी बांधलेल्या शिडाच्या जहाजाला, १७ नॉट (तासाला १७ सागरी मैल), १८६५ च्या आगबोटीला १० नॉट. दोन्ही आकडे खरे आहेत, पण १८९० उजाडलं तरी एकही खेळाडू आगबोट घेत नाही. आता आगबोटीचा वेग फुगवावा की क्लिपरचा कापावा?

दोन्ही करू नका. ऐतिहासिक गेमसाठी जहाजांचे आणि मार्गांचे तक्ते बनवणं हेच माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, आणि या विषयातला जवळपास प्रत्येक बिघडलेला बॅलन्स मी याच जागी बिघडलेला पाहिलाय. क्लिपरचे १७ नॉट ही तिच्या आयुष्यातल्या एखाद्या उत्तम तासाची गोष्ट आहे. आगबोटीचे १० नॉट ही रोजची गोष्ट आहे. या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. गेमला वेग नको, दिवस हवेत: अमुक बंदरातून तमुक बंदरात, या महिन्यात निघालं तर किती दिवस, आणि ते दिवस किती खाली-वर होतात.

आधी मोजून पाहू. ‘कटी सार्क’ हे क्लिपर १८६९ च्या नोव्हेंबरात पाण्यात उतरलं. त्याचा नोंदलेला सर्वाधिक वेग १७.५ नॉट, आणि २४ तासांतली सर्वोत्तम धाव ३६३ सागरी मैल, म्हणजे दिवसभराची सरासरी १५ नॉट. डोळे दिपवणारे आकडे आहेत. पण १८७० मध्ये याच जहाजाला शांघायहून लंडनला चहा आणायला ११० दिवस लागले. रस्ता साधारण १४,००० सागरी मैलांचा धरला तर सरासरी येते ५.३ नॉट. १८६६ ची चहाची प्रसिद्ध शर्यत घ्या. ‘तायपिंग’ आणि ‘एरियल’ ही दोन जहाजं फूचौहून मे महिन्याच्या अखेरीला निघाली आणि ६ सप्टेंबरला एकाच भरतीला लंडनमध्ये शिरली. ९९ दिवस आणि धक्क्याला लागताना दोघांत फरक फक्त २८ मिनिटांचा. पहिल्या पोचणाऱ्याला टनामागे १० शिलिंग जास्तीचं भाडं ठरलेलं होतं, ते दोघांनी वाटून घेतलं. इतक्या जिवाच्या करारानं हाकलेल्या, त्या काळातल्या सर्वोत्तम जहाजांची सरासरी निघते ५.९ नॉट.

आता त्याच वर्षीची दुसरी नोंद. ‘अर्ल किंग’ ही इंजिन आणि शिडं दोन्ही असलेली आगबोट त्या क्लिपरांच्या मागून फूचौहून निघाली आणि ७७ दिवसांत, वाटेत कोळसा घेऊनसुद्धा, त्यांच्या आधी लंडनला पोचली. लिव्हरपूलचा जहाजमालक अल्फ्रेड होल्ट याच्या ‘अ‍ॅगामेम्नॉन’ या आगबोटीनं त्याच सुमारास चीनची वाट ६५ दिवसांत कापली होती. ही आगबोट १० नॉटनं चालायची आणि १० नॉट म्हणजे १० नॉट: रात्री, वारा पडलेला असताना, वारा तोंडावर असतानाही थोडंफार कमी, पण चालूच. तुमच्या गेममध्ये क्लिपरला १७ आणि तिला १० दिलेत तेव्हा प्रत्यक्ष नातं उलटं होतं: साडेपाच-सहा विरुद्ध नऊ-दहा.

इथे काही जण १८८९ ची आठवण काढतात. त्या जुलैत ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याजवळ ‘कटी सार्क’नं रात्रीच्या अंधारात पी अँड ओ कंपनीच्या ‘ब्रिटानिया’ या नव्या टपाल-आगबोटीला मागे टाकलं होतं. खरी घटना आहे आणि गेममध्ये एक प्रसंग म्हणून जरूर ठेवा. पण ती एका रात्रीची, अनुकूल वाऱ्याची गोष्ट आहे. त्यावरून सबंध प्रवासाचा हिशेब मांडू नका.

मग शिडाच्या जहाजाचे इतके दिवस जातात कुठे? इथे थोडं थांबू, कारण गेमचं सगळं इंजिन यावरच उभं राहतं. आडव्या शिडांचं मोठं जहाज वाऱ्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. जास्तीत जास्त ते वाऱ्याच्या दिशेपासून सुमारे ६७ अंशांपर्यंत तोंड वळवू शकतं. त्यामुळे समोरून वारा असेल तर एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं नागमोडी जावं लागतं. समजा ते ६ नॉटनं पाणी कापतंय. वाऱ्याच्या दिशेनं त्याची खरी प्रगती होते ताशी २.३ मैल. त्यात समुद्र उसळलेला असला की जहाज बाजूलाही सरकतं. हे सरकणं ११ अंशांचं धरलं तर प्रगती उरते ताशी १.२ मैल. म्हणजे दिवसभरात १४४ मैल पाणी कापून ते जहाज मुक्कामाच्या दिशेनं जेमतेम २८-२९ मैल जवळ आलं. खलाशी थकले, शिडं फाटली, आणि नकाशावरची सोंगटी जागची हलली नाही असंच खेळाडूला दिसणार. तेच जहाज, तेवढ्याच वाऱ्यात, वारा मागून तिरका असेल तर ११-१२ नॉटनं धावतं. अगदी पाठीवरचा वारा मात्र सर्वोत्तम नसतो, कारण मागची शिडं पुढच्या शिडांचा वारा अडवतात.

म्हणून शहाणे कप्तान सरळ जातच नसत. ते वारा जिथे आहे तिथे जहाज नेत. लंडनहून मेलबर्नला जाणारं जहाज आधी ब्राझीलच्या बाजूला सरकायचं, मग खूप दक्षिणेला उतरून चाळिसाव्या अक्षांशाखालचे जोरदार पश्चिमी वारे पकडायचं. डच कप्तान हेन्ड्रिक ब्राउवरनं १६११ मध्ये जावाला जाताना हाच डाव खेळून दाखवला आणि डच ईस्ट इंडिया कंपनीनं पुढे तो मार्ग सक्तीचा केला. तुमच्या गेममध्ये जहाजं बंदरापासून बंदरापर्यंत सर्वांत आखूड रेघेवरून जात असतील तर ती आगबोटीची वाट आहे. शिडाच्या जहाजाला स्वतःची वेगळी वाट द्या, जास्त लांबीची, आणि जाताना-येताना वेगळी. दोघांसाठी एकच मार्ग ठेवला की अर्धी मजा तिथेच जाते.

जाता-येता फरक किती पडतो ते अटलांटिकवर लख्ख दिसतं. १८३० च्या दशकात लिव्हरपूल-न्यूयॉर्कची ठरल्या तारखेला सुटणारी शिडाची जहाजं पूर्वेकडे, म्हणजे वाऱ्याबरोबर, साडेतीन आठवड्यांच्या आसपास घेत, आणि पश्चिमेकडे पाच आठवडे किंवा त्याहून जास्त. १८३८ मध्ये ‘ग्रेट वेस्टर्न’ ही ब्रुनेल या इंग्रज इंजिनिअरची आगबोट आली. तिची सरासरी पश्चिमेकडे १६ दिवस, पूर्वेकडे १३ दिवस ९ तास. आकडे शेजारी ठेवून बघा. वाऱ्याविरुद्ध जाताना ती दुपटीहून वेगवान आहे, वाऱ्याबरोबर जाताना दुपटीच्या बऱ्यापैकी आत. ‘आगबोट शिडाच्या अमुक पट वेगवान’ असा एक गुणक कधीच चालत नाही. त्याला दिशा लागते.

आपल्याकडच्या समुद्रात त्याला महिनाही लागतो. जून ते सप्टेंबर नैऋत्य मोसमी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी ईशान्य मोसमी. ओमान आणि कच्छची गलबतं आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वर्षाला एकच फेरी करत, एका वाऱ्यानं जायचं आणि दुसऱ्यानं यायचं. जहाज बंदरात चार महिने उभं आहे आणि त्यात कुणाचाही आळस नाही. तुमच्या गेममध्ये ‘वाऱ्याची वाट पाहा’ हा हुकूम असायलाच हवा, आणि तो बऱ्याचदा सर्वांत फायद्याचा असायला हवा.

याच मोसमीनं एका शिडाच्या जहाजाचं नशीबही काढलं. कलकत्त्याहून चीनला अफू नेणारी जुनी अवजड जहाजं ईशान्य मोसमीविरुद्ध जाऊ शकत नसत, त्यामुळे वर्षाला एकच फेरी. ‘रेड रोव्हर’ हे निमुळत्या तळाचं जहाज १८३० च्या सुरुवातीला त्या वाऱ्याला भिडत चीनला जाऊन ८६ दिवसांत कलकत्त्याला परत आलं. त्यानं वर्षाला तीन फेऱ्यांचा रस्ता मोकळा केला. कमाल वेगात ते इतरांपेक्षा फार पुढे नव्हतं. त्याला वाऱ्याच्या जवळून जाता यायचं. म्हणून शिडाच्या जहाजांना गेममध्ये दोन गुण वेगळे द्या: मोकळ्या वाऱ्यातला वेग, आणि वाऱ्याशी किती अंश जवळ जाता येतं. आपल्या तिरक्या शिडाच्या गलबतांना आणि फत्तेमारींना दुसरा गुण मोठ्या आडव्या शिडांच्या जहाजांपेक्षा जास्त मिळायला हवा.

आता आगबोटीकडे वळते, कारण तिची बाजूही इतकी सोपी नाही. तिला वारा लागत नाही, पण कोळसा लागतो. तो कोळसा तिच्याच पोटात माल ठेवायच्या जागेत बसतो.

मुंबईच्या गोदीत बांधलेल्या ‘ह्यू लिंडसे’चं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. ४११ टनांची ही चाकाची आगबोट २० मार्च १८३० ला मुंबईहून सुएझला निघाली, टपालाचा हा मार्ग जमतो का हे पाहायला. तिच्या कोठीत साडेपाच दिवसांचा कोळसा मावायचा, आणि एडन होतं ११ दिवसांवर. मग जिथे जागा दिसेल तिथे कोळसा भरला. जहाज पाण्यात इतकं बसलं की चाकं नीट फिरेनात. एडनला पोचली तेव्हा उरलेला कोळसा काही तासांपुरताच होता. २२ एप्रिलला ती सुएझला लागली: ३३ दिवस, त्यातले जवळजवळ १२ एडन, जेद्दा वगैरे बंदरांत कोळसा चढवण्यात गेले. चालत होती ते २१ दिवसच.

यातून गेमसाठी तीन गोष्टी मिळतात. पहिली, आगबोटीचा प्रवास म्हणजे अंतर भागिले वेग, अधिक कोळसा घेण्याचे दिवस. दुसरी, कोळशाचं बंदर नसेल तर मार्गच नाही. ब्रिटिशांनी १८३९ च्या जानेवारीत एडन घेतलं त्यामागे हाच हिशेब मोठा होता. तिसरी गोष्ट बहुतेक गेममध्ये सुटते: एडनला तो कोळसा आधीच नेऊन ठेवला होता तो शिडाच्या जहाजांनी. पुढेही कित्येक दशकं वेल्सचा कोळसा एडन, मुंबई, सिंगापूरच्या डेपोंत शिडांवरच यायचा. म्हणजे खेळाडूनं एक आगबोट घेतली की शिडाच्या जहाजांना नवा माल मिळतो. तुमच्या गेममध्ये ही साखळी बसवाच. दोघांना नुसतं शत्रू बनवलं तर तो काळ समजणारच नाही. कलकत्त्याजवळ राणीगंजचा देशी कोळसा आहे, तोही नकाशावर ठेवा, विलायतीपेक्षा हलक्या प्रतीचा आणि स्वस्त.

कोळशाचं गणित मात्र नीट करा, कारण इथे खेळाडूला खरा निर्णय घेता येतो. ढोबळ नियम असा: वेग वाढवला की लागणारी ताकद, आणि म्हणून रोजचा कोळसा, वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ‘अ‍ॅगामेम्नॉन’ १० नॉटला रोज २० टन कोळसा खायची, आणि होल्टची ही जहाजं इंग्लंडहून मॉरिशसपर्यंतचे सुमारे ८,५०० मैल न थांबता जात. त्या टप्प्याला १० नॉटनं ३५ दिवस आणि ७०८ टन कोळसा लागतो. ८ नॉटनं गेलात तर ४४ दिवस आणि फक्त ४५३ टन. १२ नॉटचा हट्ट धरलात तर २९-३० दिवस आणि १,०२० टन. सुमारे सहा दिवस वाचवायला तीनशे टनांहून जास्त कोळसा जळला, आणि तेवढ्या टनांचा माल धक्क्यावर राहिला. खेळाडूच्या हातात वेगाचा दांडा द्या आणि शेजारी मालाची जागा कमी-जास्त होताना दिसू द्या. असल्या गेमचं मर्म या एका पडद्यावर कळतं.

वर्षागणिक आगबोटीचा वेग वाढवायचा मोह होईल. तसं करू नका, कोळशाची भूक कमी करा. माल वाहणारी आगबोट १८६५ मध्येही ८ ते १० नॉटची होती आणि १९०० मध्येही बरीचशी तशीच. बदललं ते इंजिन. १८३० च्या सुमारास एका अश्वशक्तीला तासाला ८-१० पौंड कोळसा लागे. १८६० च्या दशकातल्या, तीच वाफ दोन टप्प्यांत वापरणाऱ्या कंपाउंड इंजिनांनी तो सव्वादोन-अडीच पौंडांवर आणला. १८८१ मध्ये ‘अ‍ॅबरडीन’ या जहाजावर वाफ तीन टप्प्यांत वापरणारं ट्रिपल एक्स्पान्शन इंजिन आलं आणि आकडा दीड पौंडाच्या आसपास उतरला. ही ‘अ‍ॅबरडीन’ प्लिमथहून मेलबर्नला ४२ दिवसांत पोचली, वाटेत एकदाच कोळसा घेऊन. जिथे कोळशापायी आगबोटीला जाताच येत नव्हतं, त्या ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर आता माल भरून जाता येऊ लागलं. म्हणजे तंत्रज्ञानाचा अपग्रेड वेगाच्या आकड्यात दाखवू नका. तो पल्ल्यात दाखवा.

जहाजाच्या आकारालाही अर्थ द्या. आकार वाढला की पोटातली जागा लांबीच्या घनानं वाढते, पाण्याचा विरोध त्याहून बराच कमी वाढतो. ब्रुनेलचा सगळा डाव यावर होता आणि १८३८ मध्ये ‘ग्रेट वेस्टर्न’ न्यूयॉर्कला पोचली तेव्हा कोठीत २०० टन कोळसा शिल्लक होता. एक दिवस आधी पोचलेली छोटी ‘सिरियस’ मात्र कोळसा जवळपास संपवून आली होती. छोट्या आगबोटीला महासागराची वाट अवघड ठेवा, किनाऱ्याची सोपी.

सुएझबद्दल प्रत्येक गेममध्ये एक ओळ असते: १७ नोव्हेंबर १८६९, अंतर घटलं. ती अपुरी आहे. लंडन-मुंबई केपवरून, म्हणजे आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालून, साधारण १०,७०० सागरी मैल, सुएझमार्गे ६,३०० च्या आत. पण हे अंतर घटलं फक्त आगबोटीसाठी. तांबड्या समुद्राच्या उत्तरेच्या भागात वर्षातला बराचसा काळ वारा उत्तरेकडून वाहतो, पट्टा अरुंद आहे, दोन्ही बाजूंना प्रवाळाचे खडक आहेत, आणि कालव्यात शिडाच्या जहाजाला टग बोट लावून ओढावं लागतं. इतका खर्च आणि धोका घेऊन तिकडून जायचं तर केपची वाट परवडते. त्यामुळे कालवा उघडल्यावर क्लिपरचा मार्ग जसा होता तसाच ठेवा आणि आगबोटीचा कापा. शिवाय वाटेत पोर्ट सैद, एडन असे कोळशाचे थांबे जवळजवळ येतात, म्हणजे पोटात कमी कोळसा आणि जास्त माल. चहाच्या व्यापारातून क्लिपरना बाहेर काढणारी गोष्ट ही होती.

तरी अजून एक बाजू राहिली, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तीच आहे: दिवसांचा पसारा. ‘सर लॅन्सेलॉट’नं १८६९ मध्ये फूचौ-लंडन ८९ दिवसांत केलं. १८७२ मध्ये ‘थर्मोपायली’ला शांघायहून ११५ लागले आणि तिच्याशी झुंजणाऱ्या, वाटेत सुकाणू तुटलेल्या ‘कटी सार्क’ला १२२. ही सगळी पहिल्या रांगेतली जहाजं. साध्या जहाजाचे दिवस याहून वाढत. व्यापाऱ्याला माल कधी येणार हे महिन्याच्या फरकानं ठाऊक नसेल तर त्याला गोदामात जास्त साठा ठेवावा लागतो, पैसा अडकतो, विम्याचा हप्ता जास्त पडतो. आगबोटीचे दिवस तीन-चार इकडेतिकडे होतात. चहाला आगबोटीवर भाडं जास्त मिळायचं त्याला लवकर पोचण्याइतकीच ही खात्रीही कारण होती.

गेममध्ये हे असं बसवा. शिडाच्या जहाजाला प्रत्येक टप्प्यासाठी महिन्याप्रमाणे सरासरी दिवस द्या आणि निघाल्यावर त्यावर मोठा फासा टाका. फासा एका बाजूला कललेला ठेवा: फार तर १०-१२ टक्के लवकर, पण ३० टक्क्यांपर्यंत उशीर, कारण वारा पडून विषुववृत्ताजवळ अडकलेलं जहाज दोन आठवडे घालवू शकतं, पण चांगल्या वाऱ्यानं दोन आठवडे वाचवणं दुर्मिळ. आगबोटीला ५ टक्क्यांचा फासा पुरे. मग भाडेकरारांना तारखा जोडा. ‘१ ऑक्टोबरपूर्वी पोचलं तर पूर्ण भाडं, नंतर दररोज कपात’ असा एक करार आला की खेळाडू आपोआप आगबोटीकडे बघू लागतो, तिचा वेग १० च असला तरी. टपालाचे करार तर आगबोटीलाच राखून ठेवा.

वर्षभराचा हिशेबही घालून बघा. क्लिपर फेब्रुवारीत लंडनहून निघतं, मेअखेरीला चीनला पोचतं, नव्या चहाची वाट बघतं, ऑक्टोबरात परत येतं. वर्षाला एक फेरी, पोटात सुमारे १३ लाख पौंड चहा. होल्टची आगबोट ६५ दिवसांत जाते, तितक्याच दिवसांत येते, बंदरातले दिवस धरूनही वर्षाला दोन फेऱ्या सहज, आणि एका वेळी दुप्पट-तिप्पट चहा. वर्षाकाठी क्लिपरच्या चौपट ते सहापट माल. ही तुलना खेळाडूला जहाज विकत घेण्याच्या पडद्यावरच दिसायला हवी: ‘या मार्गावर वर्षाला किती टन’. नॉटचा आकडा खाली बारीक अक्षरात द्या.

इतकं सगळं आगबोटीच्या बाजूनं असताना शिडाची जहाजं का टिकली, हेही गेमला दाखवता आलं पाहिजे. त्यांना इंधन नको, खलाशी थोडे, आणि जिथे माल स्वस्त, वाट लांब, कोळशाची बंदरं विरळ आणि घाई कुणालाच नाही तिथे ती नफ्यात राहतात. ‘कटी सार्क’ चहातून बाहेर पडली ती ऑस्ट्रेलियाच्या लोकरीत गेली, आणि तिथे १८८५ मध्ये ७३ दिवसांचा एकेरी प्रवास करून खरं नाव कमावलं. चिलीचं नायट्रेट (खतासाठी लागणारं खनिज) १९१४ मध्ये पनामा कालवा उघडेपर्यंत मोठ्या पोलादी शिडाच्या जहाजांनी वाहिलं. त्यातलं पाच डोलकाठ्यांचं ‘प्रॉयसेन’ १९१० च्या नोव्हेंबरात इंग्लिश खाडीत ‘ब्रायटन’ नावाच्या छोट्या आगबोटीच्या धडकेनं मोडलं. त्या आगबोटीला वाटलं होतं की शिडाचं जहाज हळू येत असेल, आपण त्याच्या पुढून आरामात निघून जाऊ.

तेव्हा ‘१८७० ला क्लिपर बाद’ असा स्विच ठेवू नका. आधी टपाल आणि प्रवासी गेले, मग अटलांटिकचा महागडा माल, मग सुएझनंतर चहा, ट्रिपल एक्स्पान्शननंतर ऑस्ट्रेलियाचा बराचसा माल, आणि सर्वांत शेवटी नायट्रेट आणि धान्य. प्रत्येक मार्गाची स्वतःची तारीख आहे, आणि तुमचं कोळशाचं गणित बरोबर असेल तर या तारखा हातानं लिहाव्या लागणारच नाहीत, त्या आपोआप निघतील.

कोकण किनारा नकाशात घेणार असाल तर (घ्याच, मराठीत असा गेम दुसरा कुठे मिळणार?) तिथे आगबोट आली तरी शिडाची गलबतं आणि मचवे संपले नाहीत. खाड्यांच्या तोंडाशी वाळूचे दांडे, पाणी उथळ, म्हणून आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं, सामान पडावातून ने-आण व्हायचं. पावसाळ्यात दोघांचीही वाहतूक बंद. त्यामुळे बंदरांना खोली हा गुण द्या, आणि उथळ बंदरात आगबोटीला माल चढवायला दुप्पट दिवस लावा. सुरुवातीच्या दुबळ्या आगबोटींना नैऋत्य मोसमीत मुंबईहून सुएझकडेही जाता येत नसे, तेव्हा १८५० पूर्वीच्या आगबोटीला ‘वारा लागत नाही’ ही सूट पूर्ण देऊ नका.

जहाजाच्या तळाबद्दल थोडंच सांगते. लाकडी तळाला तांब्याचा पत्रा ठोकता येतो, त्यावर शेवाळ आणि शिंपले धरत नाहीत. लोखंडी तळाला तो थेट ठोकता येत नाही, गंज चढतो. म्हणून लोखंडी आगबोट उष्ण समुद्रात कोरड्या गोदीशिवाय फिरत राहिली की तिचा वेग हळूहळू उतरला पाहिजे. मुंबईत कोरडी गोदी १७५० पासून आहे, या बंदराला त्याचा फायदा द्या. आणि मुंबईच्या सागवानी जहाजांना आयुष्य भरपूर द्या: वाडियांच्या गोदीत १८१७ मध्ये बांधलेलं ‘त्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर आहे.

मोसमी आणि महासागरी वाऱ्यांचे आकडे कुठून घ्यायचे? मॅथ्यू मॉरी या अमेरिकन नौदल अधिकाऱ्यानं १८४७ पासून जहाजांच्या रोजनिशांवरून वाऱ्यांचे आणि प्रवाहांचे नकाशे काढले, ते आज मोफत मिळतात. शिवाय ‘क्लायवॉक’ नावाचा १७५० ते १८५० च्या ब्रिटिश, डच, फ्रेंच आणि स्पॅनिश जहाजांच्या रोजनिशांचा संग्रह आहे, त्यात दररोजची जागा आणि वारा दिलेला असतो. प्रत्येक मार्गाचे महिन्यानुसार सरासरी दिवस त्यातून काढता येतात. एक काळजी घ्या: अंतर सागरी मैलांतच ठेवा, नकाशाचे किलोमीटर आणि नॉट एकत्र झाले की सगळे दिवस जवळपास दुप्पट-निम्मे होतात. १ सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर.

तक्ता बसवून झाला की बॅलन्स पडताळायला गेम संगणकालाच चालवू द्या, खेळाडूशिवाय, आणि चार जागी थांबून बघा. १८४५ मध्ये आगबोट फक्त टपालाच्या आणि अटलांटिकच्या मार्गांवर दिसली पाहिजे. १८६६ मध्ये चीनच्या चहात क्लिपर आणि आगबोट दोघंही नफ्यात हवीत. १८७५ मध्ये चहा आगबोटीकडे, पण मेलबर्नची लोकर शिडांवर. तुमचा काळ १८९० ला संपतो, तरी एकदा तो १९०५ पर्यंत ताणून चालवा: चिलीचं नायट्रेट अजून शिडांवर दिसत नसेल तर कोळशाच्या बंदरांची संख्या जास्त झालीय, दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची दोन-तीन काढून पुन्हा चालवा.